पोपटास उद्योग हवा

आपल्या मराठी भाषेंत 'पोपटपंची' हा शब्द फार दिवसांपासून रूढ आहे. अर्थ न समजतां घोकलेलें बोलून दाखविणें म्हणजे पोपटपंची, असें आपण मानतों. आणि एखाद्या विद्यार्थ्यानें पुस्तकांतील उत्तर शब्दशः म्हणून दाखविलें, परंतु त्याचा अर्थ त्यास सांगतां आला नाहीं, म्हणजे शिक्षकांच्या तोंडून हा शब्द हटकून बाहेर पडतो. आमच्या मतें या शब्दानें विद्यार्थ्यापेक्षां पोपटाचीच अधिक अप्रतिष्ठा होते. पोपट हा विचार करणारा, निवड करणारा, कंटाळणारा, आणि काम मिळालें असतां तें आनंदानें करणारा प्राणी आहे, हें गेल्या पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांनीं पुनःपुन्हां दाखवून दिलें आहे. असें असतां घरोघर मात्र पोपटाची सोय म्हणजे एक पिंजरा, एक पाण्याची वाटी, थोडी भिजविलेली डाळ, एखादी मिरची, आणि येतांजातां 'मिठू मिठू' म्हणून मारलेली हांक, एवढ्यांत आटोपते. पोट भरलें म्हणजे पक्षी सुखी झाला, ही समजूत चुकीची आहे. ज्यास पोपट पाळावयाचा आहे त्यानें त्याच्या पोटाइतकीच त्याच्या बुद्धीची भूक भागविली पाहिजे. आणि ज्याच्यानें तें रोजच्या रोज होणार नाहीं त्यानें पोपट मुळींच पाळूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. तेंच आम्ही येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडणार आहों.

प्रथम एक गोष्ट साफ केली पाहिजे. पोपट म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें जो हिरवा, लाल चोचीचा, गळ्याभोंवतीं गुलाबी कंठ असलेला राघू उभा राहतो, तो घरीं पाळण्याचा पक्षी नव्हे. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें छत्र आपल्या देशांतील रानपोपटांवर आहे. राघू, त्याहून थोराड असा करण पोपट, किंवा लालजांभळ्या डोक्याचा तुइया, यांपैकीं कोणासहि पकडणें, विकणें, विकत घेणें अथवा पिंजऱ्यांत डांबणें हा गुन्हा आहे. तरीहि झाडांच्या ढोलींतून काढलेलीं पिल्लें चोरून विकलीं जातात, आणि तीं घेणाऱ्या घरांत बहुधा कोणासहि आपण गुन्हा करीत आहों असें वाटत नाहीं. 'आमच्या आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे राघू आहे,' असें अभिमानानें सांगितलें जातें. परंतु जुनी चाल म्हणजे योग्य चाल, असें कांहीं नाहीं. ज्यांच्या घरीं असा पक्षी आजहि असेल त्यांनीं त्यास पश्चात्तापाच्या भरांत खिडकींतून उडवून मात्र देऊं नये. वर्षानुवर्षें न उडालेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसतें, त्यास अन्न शोधतां येत नाहीं, आणि मांजर, घार, कावळे यांपासून बचाव करण्याची कला तो विसरलेला असतो. असा पक्षी वनखात्याच्या स्वाधीन करणें हाच सरळ मार्ग होय.

मग पाळले जातात ते कोणते? आफ्रिकेंतील करडा पोपट, ऑस्ट्रेलियाकडील काकाकुवा व लहानसा तुरेवाला कॉकॅटील, बाजारांत अनेकदां 'लव्हबर्ड' या नांवानें खपणारे चिमुकले बजरीगर, आणि दक्षिण अमेरिकेंतील मोठे रंगीबेरंगी मकाव, हे परदेशी पोपट आपल्या शहरांतून आज पुष्कळ घरीं दिसतात. यांतहि विवेक हवाच. करड्या पोपटांची रानांतून इतकी लूट झाली कीं, सन २०१६ सालीं जोहान्सबर्ग येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत, रानांत पकडलेल्या या पक्ष्यांचा देशोदेशींचा व्यापार बंद करण्याचें ठरलें. आपल्या कायद्यांतहि सन २०२२ सालीं दुरुस्ती होऊन, अशा संरक्षित परदेशी जातींचे प्राणी बाळगणाऱ्यानें त्यांची सरकारदरबारीं नोंद करणें आवश्यक झालें आहे. पिंजऱ्यांतच जन्मलेले जे पक्षी आज घरोघर आहेत त्यांस आपल्या रानांत सोडतां येत नाहीं, कारण हें त्यांचें रान नव्हे. त्यांचें सारें आयुष्य मनुष्याच्याच हातीं आहे. आणि म्हणूनच त्यांच्या मनाचा प्रश्न हा आपल्या कर्तव्याचा प्रश्न होतो.

पोपटास मन आहे हें कशावरून, असें कोणी विचारील. त्यास आम्ही ॲलेक्स नांवाच्या करड्या पोपटाची हकीकत सांगूं. आयरीन पेपरबर्ग या विदुषीनें सन १९७७ सालीं अमेरिकेंतील शिकागो येथील एका दुकानांतून हा पक्षी घेतला, आणि पुढें तीस वर्षें त्याच्या बुद्धीचा अभ्यास केला. ॲलेक्स सुमारें शंभर शब्द वापरीत असे. पन्नासाहून थोड्याफार वस्तु त्यास नांवानिशीं ठाऊक होत्या. सात रंग, पांच आकार, आणि सहापर्यंतच्या संख्या तो सांगे. हें कोणी पाठांतर म्हणेल; परंतु दोन नव्या वस्तु त्याच्यापुढें धरून 'यांत सारखें काय?' असें विचारल्यास तो 'रंग' किंवा 'आकार' असें उत्तर देई, आणि कांहींच सारखें नसेल तर 'कांहीं नाहीं' असेंहि सांगे. ज्या वस्तु त्यानें पूर्वीं पाहिल्याच नव्हत्या त्यांविषयीं पाठ केलेलें उत्तर कोठून असणार? सफरचंदास त्यानें स्वतःच 'बॅनेरी' असें नांव ठेविलें होतें; केळें व चेरी या दोन फळांचीं इंग्रजी नांवें त्यास येत होतीं, तीं जोडून हा नवा शब्द त्यानें घडविला असावा, असें पेपरबर्गबाईंस वाटलें.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्याची दुसरीच एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एकच प्रश्न पुनःपुन्हां विचारला गेला म्हणजे ॲलेक्स कंटाळत असे. मग तो पाठ फिरवी, आपणांस पिंजऱ्यांत परत न्या असें सांगे, किंवा बरोबर उत्तर तेवढें सोडून बाकीचीं सारीं चुकीचीं उत्तरें एकामागून एक देई. ज्यास बरोबर उत्तर नेमकें टाळतां येतें त्यास तें ठाऊक असतें, हें कोणत्याहि शिक्षकास सांगावयास नको! सन २००७ सालीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, ॲलेक्स मरण पावला. तेव्हां त्याच्या मृत्यूची वार्ता देशोदेशींच्या वर्तमानपत्रांनीं छापली.

ॲलेक्स हा कांहीं एकुलता एक चमत्कार नव्हे. सन २०१२ सालीं व्हिएन्ना येथील संशोधकांनीं फिगारो नांवाच्या एका लहान काकाकुव्याची गोष्ट प्रसिद्ध केली. जाळीपलीकडे ठेविलेला काजू चोचीस पोंचेना, तेव्हां त्यानें पिंजऱ्यांतील लांकडाच्या तुळईची एक लांब ढलपी चोचीनें सोलून काढली आणि तिच्या साह्यानें काजू ओढून घेतला. हें त्यास कोणीं शिकविलें नव्हतें. सिडनी शहरांतील पांढऱ्या काकाकुव्यांनीं घरापुढील कचऱ्याच्या पेट्यांचीं जड झांकणें उचलून आंतील खाद्य काढण्याची युक्ति एकमेकांची पाहून उचलली. सन २०१८ पूर्वीं ही युक्ति केवळ तीन उपनगरांतून आढळत होती, ती सन २०१९ संपण्याच्या सुमारास चव्वेचाळीस उपनगरांत पसरली, असें सन २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें. आणि सन २०१६ सालीं पक्ष्यांच्या मेंदूंतील मज्जापेशी मोजल्या गेल्या तेव्हां असें आढळलें कीं, पोपटाच्या लहानशा मेंदूंत या पेशी इतक्या दाटीनें भरलेल्या असतात कीं तेवढ्याच वजनाच्या माकडाच्या मेंदूंतहि त्या तितक्या नसतात. असा मेंदू सृष्टीनें ज्यास दिला, त्यास दिवसभर एका दांडीवर बसवून ठेवणें म्हणजे काय करणें आहे, याचा वाचकांनींच विचार करावा.

रानांतील पोपटाचा दिवस कसा जातो तें पाहिलें म्हणजे या अन्यायाचें माप लागतें. पहांट होतांच थवा निघतो. कोणतें झाड कोठें आहे, त्यास फळ केव्हां येतें, वाट कोणती, धोका कोठें, हें सारें लक्षांत ठेवावें लागतें. फळ सांपडलें तरी तें सोलणें, बी फोडणें, टरफल टाकणें, शेजाऱ्यापासून राखणें, यांत दिवसाचे कित्येक तास जातात. मग पिसें साफ करणें, सोबत्याशीं लगट, भांडण, खेळ, आणि सायंकाळीं ठरलेल्या झाडावर गलबला करीत परतणें. पिंजऱ्यांतील पक्ष्याच्या वाटीला आपण सकाळीं सारें अन्न एकदम घालतों. तें तो अर्ध्यापाऊण तासांत खातो. उरलेला दिवस त्यानें काय करावें? त्यास पुस्तक नाहीं, सोबती नाहीं, पंख असून उडणें नाहीं. जें करावयास सृष्टीनें त्यास चोच दिली तें काम नाहीं. म्हणून ती चोच मग तो स्वतःच्याच अंगावर चालवितो.

पिसें उपटणें हा पाळीव पोपटांचा फार मोठा रोग आहे. छाती, पंखांखालची बाजू, मांड्या यांवरचीं पिसें पक्षी स्वतः उपटून उघडा पडतो. मात्र जेथें चोच पोंचत नाहीं तें डोकें तेवढें सुंदर राहतें. कोणी तासन्‌तास मान डोलावतो, कोणी पिंजऱ्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत त्याच त्या फेऱ्या घालतो, कोणी सारें घर डोक्यावर घेईल इतकें ओरडतो. घरांतील मंडळी यास 'खोडी' म्हणतात, आणि डोलणाऱ्या पक्ष्यास पाहून तो नाचत आहे असें समजून मुलें टाळ्या पिटतात! पिसें झडण्यास शरीराचे रोगहि कारण असतात, म्हणून अशा वेळीं प्रथम पशुवैद्यास दाखविणें जरूर आहे. परंतु शरीर निरोगी असूनहि हें घडतें तेव्हां कारण बहुधा रिकामपण असतें. सन २००३ सालीं कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञांनीं ॲमेझॉन जातीच्या तरुण पोपटांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं पक्ष्यांस शोधून, सोडवून, कुरतडून अन्न मिळविण्याची आणि चढण्याखेळण्याची साधनें दिलीं. कांहींस तीं दिलीं नाहींत. ज्यांस काम मिळालें त्यांचीं पिसें सुधारलीं. ज्यांस मिळालें नाहीं त्यांचीं बिघडत गेलीं. पुढें सन २०२१ सालीं, पन्नास जातींच्या तेराशेंहून अधिक पाळीव पोपटांची माहिती गोळा करून केलेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, ज्या जातींस रानांत अन्न फोडण्यासोलण्याचे कष्ट अधिक पडतात त्या जाती पिंजऱ्यांत पिसें अधिक उपटतात. आणि ज्यांचा मेंदू शरीराच्या मानानें मोठा त्यांच्यांत त्याच त्या निरर्थक हालचाली अधिक आढळतात. थोडक्यांत, पक्षी जितका हुशार तितकें त्यास कैदेचें दुःख अधिक.

येथें कोणी म्हणेल, 'मग त्याच्यासाठीं रेडिओ लावून ठेवूं, चित्रें हलतीं बोलतीं दाखवूं.' हल्लीं असेंच होतें. घरचीं माणसें कामास जातांना पोपटापुढें दूरदर्शनचा संच किंवा मोबाईल लावून जातात, आणि पक्ष्याची करमणूक झाली असें समजतात. एकाद्या वेळीं तेंहि चालेल. परंतु करमणूक आणि उद्योग यांत आम्ही भेद करितों. करमणुकींत पक्षी केवळ पाहणारा असतो. उद्योगांत तो करणारा असतो. ज्या गोष्टीवर आपल्या चोचीचा, पायाचा किंवा आवाजाचा कांहीं परिणाम होत नाहीं तिचा त्यास लौकरच वीट येतो. सन २०२३ सालीं अमेरिका व स्कॉटलंड येथील संशोधकांनीं अठरा पाळीव पोपटांस घंटा वाजवून, पडद्यावरील चित्रांतून आवडीचा सोबती निवडून, दुसऱ्या घरच्या पोपटाशीं दूरदृश्य संभाषण करावयास शिकविलें. तेथें यश आलें तें यंत्रामुळें नव्हे; घंटा वाजविणें, सोबती निवडणें आणि त्याची ओ मिळणें हें सारें पक्ष्याच्या इच्छेवर होतें, आणि प्रत्येक वेळीं मालक शेजारीं बसून त्याचा कल पाहत होता, म्हणून तें आलें.

आतां हा उद्योग द्यावा कसा? याला खर्च फार नाहीं, चित्त मात्र लागतें. पहिली गोष्ट अशी कीं, अन्न वाटींत न वाढतां तें शोधावयास लावावें. शेंगदाणे सोलून देऊं नयेत, शेंगा द्याव्या. मटाराच्या शेंगा अखंड द्याव्या. मक्याचें कणीस पानांसकट टांगावें. डाळिंबाची फोड दाण्यांसकट जाळींत अडकवावी. साध्या कोऱ्या कागदाच्या पुड्या बांधून दहांपैकीं तिहींत दाणे घालावे, म्हणजे सातहि रिकाम्या पुड्या उघडण्यांत पक्ष्याचा वेळ मजेंत जातो. नारळाच्या स्वच्छ करवंटींत दाणे घालून वर सुकें गवत दाबावें. मिरची पोपटास आवडते याचें आपणांस नवल वाटतें; परंतु जो तिखटपणा आपल्या जिभेस झोंबतो तो पक्ष्यांस जाणवतच नाहीं. तिच्या बिया एकेक वेंचून काढण्यांत त्यास रस असतो. सुरुवातीस कोडें सोपें असावें, पक्षी पाहत असतां त्याच्यादेखत अन्न लपवावें, आणि पुढें हळूहळू कठीण करावें. अगदीं पहिल्या दिवशींच कठीण कोडें घातल्यास तो उपाशी राहून चिडेल. फुकटचें अन्न समोर असतांहि पुष्कळ प्राणी श्रमानें मिळणारें अन्न पसंत करितात, ही गोष्ट सन १९६३ सालीं उंदरांवरील प्रयोगांत दिसली होती, आणि पुढें ती पोपटांतहि आढळली आहे. 'आयतें खावें' हें सुख मनुष्यांनींच कल्पिलें असावें.

दुसरी गोष्ट, कुरतडण्यास वस्तु द्याव्या. पोपटानें एखादी वस्तु फाडली, फोडली, तिचा भुगा केला, तर ती वस्तु कामीं आली असें समजावें. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या धुतलेल्या फांद्या, रंग न दिलेले लांकडाचे तुकडे, पुठ्ठ्याची पेटी, एवढ्यानें काम भागतें. मात्र जस्ताचा मुलामा दिलेली तार व सांखळी, शिशाचे तुकडे, पाय किंवा मान अडकेल असे सुतळीचे लोंबते धागे, हीं पिंजऱ्यांत कदापि असूं नयेत. पिंजरा स्वयंपाकघराजवळहि ठेवूं नये. नॉन-स्टिक भांडें फार तापलें असतां त्यांतून निघणारी वाफ पक्ष्यास क्षणांत मारक ठरते. खेळणीं सारीं एकदम देऊं नयेत. चार आंत, चार बाहेर अशीं ठेवून आठवड्यास बदलावीं, म्हणजे जुनेंहि नवें वाटतें. पुष्कळ पोपट नव्या वस्तूस भितात. म्हणून ती प्रथम पिंजऱ्याबाहेर, दिसेल अशा अंतरावर दोनतीन दिवस ठेवावी, आपण स्वतः ती हातीं घेऊन खेळावें, आणि मग आंत द्यावी.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, आणि ती बाजारांत मिळत नाहीं. ती म्हणजे सहवास. पोपट हा थव्यांतील पक्षी आहे; तो एकटा ठेविला म्हणजे घरची माणसें हाच त्याचा थवा. आपल्या जुन्या चौसष्ट कलांत शुकसारिकांस बोलावयास शिकविणें ही एक कला गणली गेली आहे. परंतु ती कला म्हणजे एकच शब्द शंभरदां त्याच्या कानीं ओरडणें नव्हे. ॲलेक्सला शिकवितांना दोन माणसें त्याच्यासमोर बसत. एकानें वस्तु दाखवून 'हें काय?' असें विचारावें, दुसऱ्यानें नांव सांगावें, आणि बरोबर सांगितल्यास तीच वस्तु त्यास मिळावी. चुकल्यास वस्तु दूर जाई. मग भूमिका बदलत. पोपट हें सारें पाहून स्पर्धेनें पुढें येई. आणि त्यानें 'लांकूड' म्हटल्यास त्यास लांकूडच मिळे, दाणा नव्हे, म्हणून शब्द व वस्तु यांची गांठ त्याच्या मनांत पक्की बसे. दोन भावंडांनीं रोज दहा मिनिटें असा पाठ घेतला तर त्यास फुटक्या कवडीचाहि खर्च नाहीं. पाणी देतांना 'पाणी', पेरू देतांना 'पेरू', दिवा मालवितांना 'झोप', असें नित्य म्हणावें. हातावर ये, उडून जा, घंटा वाजव, रंग ओळख, अशा लहानसहान गोष्टी शिकवाव्या. चुकल्यास रागावूं नये, पिंजऱ्यावर काठी आपटूं नये, उपाशी ठेवूं नये. पक्षी कंटाळला, त्यानें पाठ फिरविली, कीं पाठ तेथेंच संपवावा. प्रश्न थांबवावयाचा हक्क विद्यार्थ्यास असो वा नसो, पोपटास तो दिला पाहिजे!

चौथी गोष्ट, अंगाची हालचाल व विश्रांति. दोन्ही पंख पसरले असतां कोठेंहि न लागतील एवढा तरी पिंजरा हवा, आणि रोज कांहीं वेळ खिडक्यादारें लावून, पंखा बंद करून, त्यास खोलींत मोकळें सोडिलें पाहिजे. बसण्यास एकाच जाडीची गुळगुळीत दांडी न ठेवतां निरनिराळ्या जाडीच्या फांद्या ठेवाव्या. रात्रीं दहाबारा तास त्यास अंधार व शांतता हवी. ज्या खोलींत मध्यरात्रीपर्यंत गप्पा व दिवे चालूं असतात तेथें ठेविलेला पक्षी दिवसां चिडचिडा होणारच. मन ताजें असेल तरच त्यास कामाची गोडी.

हें सारें वाचून कांहीं पालकांस वाटेल, 'एका पक्ष्यासाठीं इतका खटाटोप!' त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, हा विचार पक्षी आणण्यापूर्वींच मनांत आला हें उत्तम झालें. कॉकॅटील नीट सांभाळल्यास पंधरावीस वर्षें जगतो. करडा पोपट चाळीस वर्षें आणि कधीं त्याहूनहि अधिक. नववींतील मुलानें परीक्षेंत वरचा क्रमांक मिळविला म्हणून बक्षीस दिलेला करडा पोपट, तो मुलगा महाविद्यालयांत जाईल, नोकरीस परगांवीं जाईल, त्याचा संसार होईल, तेव्हांहि त्याच घरांत त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असेल. बक्षीस हें घड्याळ असावें, सायकल असावी, पुस्तक असावें. ज्यास आपण आठवलों नाहीं तर दुःख होतें असा जीव बक्षिसांत देऊं नये. मुलांच्या हौसेनें आलेला पक्षी पुढें घरांतील एकाच व्यक्तीच्या, बहुधा आईच्या, गळ्यांत पडतो, आणि तिच्या कामाच्या रगाड्यांत त्यास डाळपाण्यापलीकडे कांहीं मिळत नाहीं, हा सर्वत्र दिसणारा प्रकार आहे. यांत आईचा दोष नाहीं. दोष आहे तो पक्षी आणतांना कोणाचा कोणता वेळ त्यास द्यावयाचा हें न ठरविणाऱ्या साऱ्या घराचा.

म्हणून आम्ही असें सुचवितों कीं, पोपट आणण्याची इच्छा ज्या घरांत असेल तेथें आधीं एक महिना परीक्षा घ्यावी. रोज सकाळीं पंधरा मिनिटें व सायंकाळीं तासभर, त्या पक्ष्यासाठीं लागणारा वेळ घरांतील मंडळींनीं आळीपाळीनें काढून पाहावा. सकाळीं पुड्या बांधाव्या, फांद्या धुवाव्या, सायंकाळीं एका जागीं शांत बसावें, आणि वहींत कोणाची पाळी किती वेळां चुकली तें मांडावें. पक्षी नसतांना हें करणें हास्यास्पद वाटेल. परंतु महिन्याअखेर वही जें सांगेल तें पक्ष्याच्या दुकानांतील कोणीहि सांगणार नाहीं. वही भरलेली असेल तर, कायद्यास धरून, पिंजऱ्यांत जन्मलेला पक्षी खुशाल आणावा. ती अर्धी कोरी असेल तर मुलांनीं खट्टू होऊं नये. सायंकाळीं गांवच्या वडापिंपळावर राघूंचे थवे उतरतात ते पाहावे. किती आले, कोणत्या दिशेनें आले, चोचींत काय होतें, कोणत्या पायानें फळ धरिलें, हें त्याच वहींत टिपावें. त्या पक्ष्यांस उद्योग देण्याची जरूर नाहीं, तो त्यांस आहेच. आणि पाहणाऱ्या मुलांच्या बुद्धीसहि तेथें हवा तितका उद्योग मिळेल.

ज्यांच्या घरीं आजच पोपट आहे त्यांस मात्र परीक्षेची सवलत नाहीं. त्यांनीं हा अंक मिटल्यावर प्रथम पिंजऱ्याजवळ जावें, वाटींतील अर्धे दाणे काढून घ्यावे, ते एका कागदांत सैल गुंडाळून पक्ष्याच्या हातीं द्यावे, आणि पांच मिनिटें तेथें उभें राहून तो काय करतो तें पाहावें.